नवा भिडू आणि नियमांचा डाव

आमच्या वाड्यातल्या क्रिकेटला नियमांचा तोटा नव्हता. चेंडू खालच्या काकूंच्या तुळशीवृंदावनाला लागला की आऊट. भिंतीवर आपटून आलेला चेंडू एका हातानं झेलला तरी आऊट. गटारात गेला तर दोन धावा, आणि ज्यानं मारला त्यानंच काढायचा. यातलं काहीही कुठं लिहिलेलं नव्हतं, पण प्रत्येक नियमामागं कुठल्या तरी दुपारचं कडाक्याचं भांडण होतं. शिवाय एक कलम कच्च्या लिंबाचं. कुणाचा धाकटा भाऊ, सुट्टीला आलेली कुणाची मावसबहीण. त्यांना खेळायला घ्यायचं, बॅटिंग द्यायची, पण आऊट झाले तरी ते आऊट नाहीत आणि त्यांच्यावर राज्य येणार नाही. कच्चा लिंबू खेळात असतोही आणि नसतोही.

आता कल्पना करा, की क्रिकेट बाजूला राहिलं आणि नुसती ही नियमांची भांडणंच उरली. त्यांनाच कुणी खेळ म्हटलं. असा खेळ खरोखर आहे, त्याचं नाव नॉमिक. आणि त्यातल्या कच्च्या लिंबांचं काय होतं, त्यांच्याभोवती कसल्या कसल्या गमतीच्या प्रथा जमतात, ही गोष्ट मला खेळाच्या निकालापेक्षा जास्त रंजक वाटते.

नॉमिक तयार केला पीटर सबर यांनी, १९८२ साली. ते अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या अर्लहॅम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. त्यांच्या डोक्यात एक किचकट प्रश्न होता. राज्यघटनेत दुरुस्ती कशी करायची हे सांगणारं कलम घटनेतच असतं. मग त्या कलमाच्या जोरावर तेच कलम बदलता येतं का? हा प्रश्न आपल्याला परका नाही. आपल्या घटनेतलं दुरुस्तीचं कलम म्हणजे ३६८. १९७१ साली चोविसाव्या दुरुस्तीनं खुद्द ३६८च दुरुस्त केलं, आणि १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमतानं सांगितलं, की दुरुस्ती करा, पण घटनेच्या मूळ चौकटीला हात लावू नका. तिकडं सबर यांनी या कोड्यावर ग्रंथ तर लिहिलाच, शिवाय त्याचा एक खेळ केला. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात डग्लस हॉफस्टॅटर यांचं सदर येत असे. जून १९८२च्या अंकात त्यांनी हा खेळ वाचकांपुढं ठेवला.

सुरुवातीला एकोणतीस नियम दिलेले असतात. त्यातले सोळा बदलायला अवघड, तेरा सोपे. आपली पाळी आली की एखादा नवा नियम सुचवायचा, किंवा जुना बदलायचा वा काढून टाकायचा. सगळ्यांनी मत द्यायचं. मग फासा टाकायचा, पडतील ते गुण घ्यायचे, शंभर गुण ज्याचे आधी होतील तो जिंकला. फासा आणि गुण हे नुसतं आमिष आहे. सुरुवातीला हा भाग मुद्दाम कंटाळवाणा ठेवलाय, म्हणजे खेळणाऱ्यांना तो बदलावासा वाटेल. सबर यांनी खेळाची ओळख एका ओळीत करून दिली: या खेळात नियम बदलणं हीच खेळी. मतदानाची पद्धत बदलणारा नियम मांडता येतो. जिंकण्याची व्याख्या बदलता येते. एखाद्याच्या डोक्यात आलं आणि बाकीच्यांनी मान डोलावली, तर दर मंगळवारी सगळ्यांनी यमकात बोलायचं असंही ठरवता येतं.

बुद्धिबळात नवा आलेला माणूस नियम पुस्तकातून शिकतो. सोंगट्या कशा चालतात हे त्याला आणि विश्वविजेत्याला सारखंच माहीत असतं, फरक कौशल्याचा. नॉमिकमध्ये पुस्तक मागच्याच आठवड्यात बदललेलं असतं. त्यामुळं इथं येणारा प्रत्येक जण उशिराच आलेला असतो. समोर नियमांचा ढीग, त्यातल्या अर्ध्या नियमांमागं कुठलं तरी जुनं भांडण, आणि ते भांडण ज्यांना आठवतं तेच सध्याचे खेळाडू. या अज्ञानाचं करायचं काय, हा अशा प्रत्येक मंडळीपुढचा पेच असतो.

एक उत्तर ‘माओ’ नावाच्या पत्त्यांच्या खेळानं दिलंय. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत तो फार चालतो. नव्याला सांगतात, “तुला एवढाच नियम सांगता येईल, की नियम सांगता येत नाहीत.” मग डाव सुरू. पान चुकीचं टाकलं, एक पत्ता घे. काही म्हणायचं राहून गेलं, एक पत्ता घे. का म्हणून विचारलं, बोलल्याबद्दल आणखी एक. चुका करत करत नियम ओळखायचे. डाव जिंकणाऱ्याला एक नवा गुप्त नियम घालता येतो, म्हणजे जुने जाणतेही पुन्हा थोडे कच्चे होतात. दुसरं उत्तर बीबीसी रेडिओचं. १९७२ पासून चालू असलेल्या ‘आय एम सॉरी आय हॅवन्ट अ क्लू’ या कार्यक्रमात १९७८ पासून ‘मॉर्निंग्टन क्रेसेंट’ नावाचा खेळ येतो. खेळाडू आळीपाळीनं लंडनमधल्या ठिकाणांची नावं घेतात. जो आधी ‘मॉर्निंग्टन क्रेसेंट’ म्हणेल तो जिंकला. मधेच कुणी गंभीर आवाजात एखाद्या जुन्या डावपेचाचा उल्लेख करतो, दुसरा आक्षेप घेतो, श्रोते दाद देतात. खरी गोम अशी की नियम नाहीतच. ज्याला हे कळलं तो आतला, जो नियम मागत बसला तो बाहेरचा.

दोन्ही खेळ मजेचे आहेत, पण दोन्हीकडं नवख्याचं अज्ञान हाच विनोद. तो कळला की त्या माणसाकडं पुढच्या नवख्याची वाट बघण्याखेरीज फारसं काम उरत नाही. नॉमिकवाल्यांना एवढ्यावर भागवता येत नाही, कारण त्यांचे नियम उघडे, लिहिलेले असतात आणि नव्याचं मत जुन्याच्या मतासारखंच मोजता येतं. तिथली थट्टा म्हणूनच वेगळ्या वळणाची आहे, आणि ती पाहायची तर अगोरात जायला हवं.

अगोरा म्हणजे प्राचीन ग्रीक शहरातला बाजारचौक. त्या नावाचा नॉमिक ई-मेलवर खेळला जातो आणि त्याचा वाढदिवस ३० जून १९९३. तेव्हापासून तो अखंड चालू आहे. त्या वर्षी जन्मलेली पोरं आज तिशी ओलांडून घरकर्जाचे हप्ते भरतायत, आणि हा डाव अजून मोडलेला नाही. मोडायचाच नाही असं नियमांतच लिहिलंय: खेळ जिंकता येतो, पण खेळ कधी संपत नाही. त्याच नियमाच्या शेवटी सगळ्यांना विनंती आहे, की अगोराशी कायम नीट, भल्या मनानं वागा. मूळ इंग्रजीतलं व्याकरण मुद्दाम किंचित वाकडं आहे, आणि ते तसंच ठेवलंय. (अगोरातले जे नियम मी इथं सांगतोय ते वेगवेगळ्या काळातले आहेत. तुम्ही वाचेपर्यंत त्यातले काही बदललेले असतील. त्या खेळात ही तक्रार होऊ शकत नाही.)

आत येणं सोपं. मी खेळाडू होतोय, असं पुरेसं स्पष्ट आणि पुरेसं निःसंदिग्ध जाहीर करायचं, झालं. हा ‘पुरेसं’ शब्द मात्र हलका घेऊ नका. नव्याचा पहिला धडा त्यातच आहे: इथं बोलणं म्हणजे करणं. “मी नोंदणी करतो” असं लिहिलं की नोंदणी झाली. “मला वाटतं मी बहुतेक नोंदणी करीन” असं लिहिलं तर ती झाली की नाही यावर दहा जण आठवडाभर गंभीरपणे चर्चा करू शकतात, आणि प्रकरण न्यायनिवाड्याला जाऊ शकतं. अगोरात कुणीही एखादं विधान निवाड्यासाठी मांडू शकतो, एका खेळाडूकडं न्यायाधीशपद येतं, आणि तो विधान खरं की खोटं ते कारणांसह सांगतो. असे निवाडे आजवर तीन हजारांहून अधिक झालेत. नवखा बिचारा नमस्कार करायला आलेला असतो आणि त्याच्या नमस्काराची कायदेशीर चिरफाड सुरू होते. बाहेरून हे निष्ठुर दिसतं. आतून पाहिलं तर हा सन्मान आहे. पहिल्याच वाक्याला लोकांनी इतकं मनापासून वाचणं आपल्यापैकी किती जणांच्या वाट्याला आलंय?

मग त्याची गाठ तिथल्या भाषेशी पडते. अगोरात कुणाचा उल्लेख करताना पुरुष किंवा स्त्री असं सुचवणारी सर्वनामं वापरत नाहीत. त्यांच्या जागी ‘ई’, ‘एम’, ‘एअर’ अशी स्पिवाक सर्वनामं आहेत. अमेरिकन गणितज्ञ मायकल स्पिवाक यांच्यावरून त्यांना हे नाव पडलं. नवा माणूस सवयीनं ‘ही’ लिहितो, मग पुढच्या पत्रांत बाकीचे कसे लिहितात ते पाहून आपोआप सुधारतो. (मराठीत ही सोय करायला गेलं तर नुसतं सर्वनाम बदलून भागणार नाही, क्रियापदही कुरकुर करील. आपण आदरार्थी ‘ते आले’ म्हणून वेळ मारून नेतो, पण त्यातही पुरुष डोकावतोच.) अधिकाऱ्यांच्या पदांची स्पेलिंगंही गमतीची. नियमांची वही सांभाळणारा तो ‘रूलकीपोर’, प्रस्ताव वाटणारा ‘प्रमोटोर’. शेवटी ‘अर’ यायला हवं तिथं ‘ओर’, लॅटिनचा थाट. नवख्याला वाटतं टायपिंगची चूक आहे आणि तो सौजन्यानं ती दाखवून देतो. तो क्षण म्हणजे अगोरातला कच्चा लिंबू.

खरी मेख मात्र एका नियमाच्या नावात आहे. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचा एक खेळ आहे ‘मदर, मे आय?’, प्रत्येक पाऊल टाकण्याआधी ‘आई, टाकू का?’ विचारायचं, विसरलं की मागं. अगोरातल्या एका अत्यंत रुक्ष नियमाला हेच शीर्षक दिलंय. काही गोष्टी करता येतात आणि काही करायची परवानगी असते, या दोहोंतला फरक तो नियम सांगतो. वाड्याच्या भाषेत सांगायचं तर काकूंच्या तुळशीवर चेंडू मारता येतो; मारायचा नाही. मारलात तर चेंडू तिथं जाणारच, परिणाम व्हायचा तो होणारच, शिक्षा नंतर. उलट मैदानातून थेट चंद्रावर चेंडू मारायला कुणाची मनाई नाही, पण तो जात नाही. अगोरात ‘अशक्य’ आणि ‘बेकायदा’ हे दोन अगदी वेगळे रकाने आहेत. बेकायदा खेळी यशस्वी होऊ शकते, आणि कायदेशीर खेळी फुकट जाऊ शकते. नवखे इथं हमखास ठेचकाळतात. त्या नियमाला बालवाडीच्या खेळाचं नाव देणाऱ्यानं एका शब्दात दोन कामं केली: थट्टाही झाली आणि लक्षातही राहिलं.

आता प्रथा जन्माला कशी येते ते पाहू. त्यासाठी ‘वेलकम पॅकेज’, म्हणजे स्वागताची शिदोरी, हे उदाहरण माझ्या मते सगळ्यात बोलकं आहे.

अगोरात वेळोवेळी खेळापुरतं चलन असतं: नाणी, पत्ते, आणखी काही. त्यांच्यावर खरेदीविक्री चालते, लिलाव होतात. नवा येतो तेव्हा त्याचा खिसा रिकामा. मत देता येतं, पण बाजारात उभं राहायला काही नाही. म्हणून नियम झाला की नव्याला थोडी नाणी आणि तेव्हा जे काही चलनात असेल ते द्यायचं. इथवर साधा न्याय. पण द्यायचं कुणी? एखाद्या अधिकाऱ्यावर सोपवलं आणि तो सुट्टीवर गेला तर? मग ठरलं, की कोणत्याही खेळाडूनं जाहीर केलं तरी ती शिदोरी नव्याला मिळेल. एवढ्या छोट्या तरतुदीनं वातावरणच बदललं. देणाऱ्याच्या खिशातून दमडी जात नाही, तरी स्वागत करण्याचा मान मिळतो. नवा आला रे आला की कुणीतरी लिहून मोकळा: “मी यांना स्वागताची शिदोरी देतो.” नोंद ठेवण्याची कोरडी कारवाई होती, तिचं ओवाळणं झालं.

आणि जिथं काही फुकट मिळतं तिथं नॉमिकवाल्याची नजर जातेच. खेळ सोडायचा, परत यायचं, पुन्हा शिदोरी घ्यायची. परत सोडायचं. कच्चा लिंबू झाल्यानं सवलत मिळते हे कळल्यावर धाकटा भाऊ दहावीपर्यंत कच्चा लिंबूच राहायला बघतो, तसंच हे. मग नियमाला ठिगळं लागली: एका नोंदणीला एकच शिदोरी, मधे किमान तीस दिवस. नवखा जेव्हा हा नियम वाचतो तेव्हा त्याला तीस दिवसांची अट विनाकारण खडूस वाटते. पण ती अट म्हणजे अशाच एखाद्या लबाडीचा व्रण असावी. आणि गंमत अशी की लबाडीचा तिथं राग नसतो. नियमातली फट शोधून साधलेल्या चलाखीला तिथं ‘स्कॅम’ म्हणतात, आणि ती देखणी असेल तर करणाऱ्याला ‘स्कॅमस्टर’ असा किताबही आहे. फट बुजवतात, शोधणाऱ्याचं कौतुक करतात, दोन्ही एकाच आठवड्यात.

आधी गरज, मग सोय, सोयीची सवय, सवयीतली गंमत, गमतीतली लबाडी, लबाडीवर अट. असं करत करत परंपरा घडते. फरक एवढाच की वाड्यात हे सगळं हवेत विरून जातं, इथं प्रत्येक पायरीची नोंद राहते.

शिवाय इथं सवयीला कायद्याचं बळ आहे. अगोराच्या नियमांचा अर्थ कसा लावायचा हे सांगणारा एक नियम आहे. तो म्हणतो, नियमाचे शब्द सर्वांत वर. पण शब्द गप्प असतील, एकमेकांना छेद देत असतील किंवा धूसर असतील, तिथं चार गोष्टी पाहा: खेळातला रिवाज, व्यवहारज्ञान, आधीचे निवाडे आणि खेळाचं भलं. यातला पहिला शब्द बघा. रिवाज! म्हणजे आज कुणी गमतीनं केलेली गोष्ट सगळ्यांनी वर्षभर निभावली, तर उद्या न्यायाधीश तिचा आधार घेऊ शकतो. एखाद्या विनोदाचं पुढं प्रमाण होऊ शकतं, ही शक्यता मनात ठेवूनच तिथं विनोद करतात.

आणि इथंच नवख्याची खरी किंमत आहे. जुन्यांना शब्द आणि रिवाज यांतली सीमा दिसेनाशी झालेली असते. वर्षानुवर्षं एक गोष्ट करत आले, तेव्हा ती नियमात असणारच अशी त्यांची खात्री. नवख्याजवळ रिवाज नसतो, फक्त शब्द असतात. तो निरागसपणे विचारतो, “हे कुठल्या नियमात लिहिलंय?” आणि पंधरा वर्षं खेळणारा माणूस वही उलटी-पालटी करत बसतो. नाही लिहिलेलं. कधीच नव्हतं. अशा प्रश्नातून निवाडे निघतात, प्रस्ताव निघतात. जुने खेळाडू नव्या माणसाभोवती इतक्या उत्साहानं का गोळा होतात, याचं मला पटलेलं उत्तर हेच आहे. दयाबुद्धी थोडी असेल, पण तो यांना यांचं घर परक्याच्या डोळ्यांनी दाखवतो. जुन्यांच्या वाचनावर त्यांचा स्वतःचाही विश्वास नाही, याचा पुरावा नियमांतच आहे: दरवर्षी फेब्रुवारीत पूर्ण बसणारा पहिला आठवडा ‘नियमावली वाचा सप्ताह’ म्हणून नेमलेला आहे. शंभराहून जास्त नियम त्या आठवड्यात सगळ्यांनी वाचावेत अशी अपेक्षा. सक्ती नाही. सक्ती केली असती तर कुणीतरी तिच्यातही फट शोधली असती.

चूक झाली की काय? इथली शिक्षा माझी सगळ्यात आवडती. बराच काळ असा नियम होता, की किरकोळ गुन्ह्याला ‘क्षम्य’ ठरवता येई, आणि मग गुन्हेगारानं माफीनामा लिहायचा. कमीत कमी दोनशे शब्दांचा. त्यात आपली चूक, तिची लाज, पश्चात्ताप आणि सुधारण्याची उत्कट इच्छा हे सगळं यायला हवं; शिवाय शिक्षा देणाऱ्यानं नेमून दिलेले, जास्तीत जास्त दहा, शब्द त्यात बसवायचे. आता शब्द नेमायचा अधिकार हातात आल्यावर कोण साधे शब्द देईल? समजा तुम्हाला मुरंबा, भूमिती, दीपस्तंभ आणि खोकला हे शब्द मिळाले. दीपस्तंभाखाली मुरंबा खाताना भूमितीच्या विचारात मी अहवाल पाठवायला विसरलो आणि तेव्हापासून पश्चात्तापाचा खोकला जात नाही, असं काहीतरी जुळवत बसावं लागणार.

हे वाचताना मला उखाणा आठवल्यावाचून राहत नाही. नवी नवरी उंबरठ्याशी उभी, नणंदांनी दार अडवलेलं, नाव घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही. नवऱ्याचं नाव यमकात बसवून दाखवायचं. सगळ्यांना माहीत असतं की ती आत येणारच आहे, तिला कुणी परत पाठवणार नाही. पण दोन ओळी होईपर्यंत एक खोटा अडसर उभा राहतो, आणि तो अडसर शब्दांनी ओलांडला की हशा होतो आणि ती घरची होते. कानपिळीही तशीच. नवरामुलाचा कान नवरीच्या भावानं पिळायचा, वर त्याच्याकडून आहेर उकळायचा. इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली ‘थट्टेच्या नात्यां’वर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की दोन माणसं एकाच वेळी जोडलीही गेली आहेत आणि वेगळीही आहेत, अशा अवघडलेल्या नात्यात समाज थट्टेची मुभा देतो. राग मानायचा नाही हे आधीच ठरलेलं असतं. सासर, मेहुणे आणि नॉमिक यांत हे एक साम्य.

मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग या संदर्भात नेहमी पुढं केला जातो. १९५९ मध्ये एलियट ॲरन्सन आणि जडसन मिल्स यांनी ६३ विद्यार्थिनींना एका चर्चागटात घेतलं. काहींना आत येण्याआधी ओशाळवाणे शब्द मोठ्यानं वाचायला लावले, काहींना सौम्य, काहींना काहीच नाही. चर्चा मुद्दाम रटाळ ठेवली होती. ज्यांना प्रवेशासाठी सर्वाधिक ओशाळावं लागलं त्यांना ती रटाळ चर्चा जास्त आवडली. कष्टानं मिळालं ते वाईट कसं म्हणायचं, असं मन स्वतःची समजूत घालतं. यावरून काही जण म्हणतात, बघा, नव्यांना छळलं की गट घट्ट होतो. मला हा निष्कर्ष धोकादायक वाटतो, आणि अगोराला तो लागूही पडत नाही. रॅगिंगचं समर्थन याच सुरात होत आलं, आणि महाराष्ट्रानं १९९९ मध्ये त्याविरुद्ध वेगळा कायदा केला तो काही हौसेनं नव्हे. वसतिगृहातल्या नव्या पोराला जाता येत नाही, उलटं बोलता येत नाही, नियम बदलता येत नाही. अगोरातला नवखा पहिल्या आठवड्यातच प्रस्ताव मांडू शकतो, की माफीनाम्याची पद्धत रद्द करा. मतं मिळाली तर ती रद्द होईल. थट्टा करणाऱ्याच्या हातात जी काठी आहे तीच ज्याची थट्टा होतेय त्याच्याही हातात आहे.

काही प्रथा तर कौतुकासाठीच आहेत. अगोरात रंगीत फिती मिळवता येतात. प्रत्येक रंगाची अट वेगळी: निवाडा वेळेत दिला तर एक, पदवी मिळवली तर एक, अगोराच्या वाढदिवशी जाहीर शुभेच्छा दिल्या तर किरमिजी. (पदव्याही आहेत, बरं का. खेळाविषयी प्रबंध लिहायचा, इतरांनी तपासायचा, मग ‘नॉमिकचा डॉक्टर’सुद्धा होता येतं.) यातली पांढरी फीत कर्तबगारीनं मिळत नाही. ती दुसऱ्यानं द्यायची असते. तीस दिवस खेळलेल्या कुणालाही ती देता येते, पण आयुष्यात एकदाच, एकाच माणसाला. आणि घेणाऱ्यालाही ती एकदाच मिळते. त्यामुळं ती द्यायची कुणाला, याचा विचार होतो. कधी ती अशा नव्याकडंही जात असेल ज्यात कुणाला तरी आपले सुरुवातीचे दिवस दिसलेले असतात.

आणि काही गोष्टींना कारणच उरलेलं नाही. नियमावलीत एक नियम आहे ‘टाउन फाउंटन’, गावातलं कारंजं. त्यात कीबोर्डवरच्या चिन्हांनी काढलेलं चित्र आहे आणि ‘मार्वी’ नावाच्या मंडळींना आज्ञा आहे, की सदैव शक्तिशाली नाच नाचत राहा. अगोरात प्रत्येक नियमाला एक ताकद असते. या कारंज्याची ताकद भल्याभल्या नियमांहून जास्त आहे. तो नियम काही करत नाही, काही रोखत नाही. जुन्या एका उलथापालथीची ती खूण. नवखा विचारतो मार्वी म्हणजे कोण, नाच कसला, आणि त्याला दोन-तीन परस्परविरोधी उत्तरं मिळण्याची शक्यता जास्त. आपल्याकडं गावच्या जत्रेत एखाद्या घराण्याला विशिष्ट दगडाला पहिला नारळ फोडायचा मान असतो; का, ते विचारलं तर म्हातारा म्हणतो, “चालत आलंय.” कारंज्याचं तसंच आहे.

येण्याचे विधी जिथं असतात तिथं गप्प बसलेल्यांचे आणि जाणाऱ्यांचेही असतातच. महिनोन्‌महिने न बोलणाऱ्याला काही वर्षं ‘झॉम्बी’ ठरवत आणि त्याचा चक्क लिलाव करत. बोली जिंकणारा त्याच्या नावानं मत देऊ शके. झोपलेला जागा होऊन बोलला की पुन्हा मोकळा. आणि रागावून जाणाऱ्यासाठी ‘कांतुस सिग्नेउस’, लॅटिनमध्ये हंसगीत. मला इथं किती वाईट वागवलं, का चाललोय, हे सगळं लिहून नोंदणी अधिकाऱ्याकडं द्यायचं. अधिकाऱ्यानं ते जाहीर करायचं, सोबत एक भलंमोठं लॅटिन नाव असलेला हुकूमनामा जोडायचा, आणि हा माणूस अशा रीतीनं गेला अशी कायमची नोंद करायची. आपला संताप इतक्या सरकारी इतमामानं दाखल होतोय हे पाहून किती जणांचा तो टिकत असेल, कोण जाणे.

गेलेला पुन्हा येऊ शकतो. तीस दिवस थांबायचं आणि परत लिहायचं, मी नोंदणी करतो. मग त्याला सगळे नियम पाठ असोत, त्यातले निम्मे त्यानंच लिहिलेले असोत, कुणीतरी चटकन पुढं होऊन जाहीर करतं: मी यांना स्वागताची शिदोरी देतो.